वाचकांचे प्रश्न : सेवाभावी क्लब, साप्ताहिक सभा आणि वर्गणीचा हिशेब

गेल्या अंकात आम्ही सेवाभावी क्लबांच्या कामकाजाविषयी प्रश्न मागवले होते. सांगली जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. सांगलीतल्या अशाच एका क्लबात मी अनेक वर्षे सभासद आहे आणि दोन वेळा कोषाध्यक्ष होतो, त्यामुळे ही उत्तरे आतून पाहिलेल्या माणसाची आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न (विश्रामबाग) : माझे यजमान दोन वर्षांपूर्वी एका क्लबाचे सभासद झाले. दर आठवड्याची एक संध्याकाळ सभेत जाते, वर्गणी भरावी लागते आणि सभेनंतर जेवणही असते. हाच वेळ आणि पैसा सरळ गरजूंना दिला तर अधिक बरे नाही का?

उत्तर : ताई, आपला प्रश्न रास्त आहे. प्रथम पैशाविषयी सांगतो. सभेचा खर्च, चहापाणी, जेवण आणि वरिष्ठ संघटनेकडे भरायची रक्कम हे सारे सभासदांच्या वर्गणीतून भागले पाहिजे, आणि समाजकार्यासाठी लोकांकडून आलेला निधी वेगळ्या खात्यात राहिला पाहिजे. देणगीतला एक रुपयाही सभासदांच्या ताटावर खर्च होता कामा नये. आपल्या यजमानांना एवढेच विचारा की क्लबाची दोन खाती आहेत का आणि दोन्हींचा हिशेब सभेपुढे येतो का. उत्तर नकारार्थी आले, तर आपली शंका क्लबाच्या अध्यक्षांपर्यंत जरूर पोहोचवावी.

आता वेळेविषयी. रोटरी या जगभर पसरलेल्या सेवाभावी क्लबांच्या संघटनेची पहिली बैठक २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत झाली. पॉल हॅरिस हे वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिवणकामाचा व्यावसायिक असे चौघे त्या दिवशी खाण अभियंत्याच्या कार्यालयात जमले होते. पुढे या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात भरू लागल्या आणि त्या फिरतेपणावरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. समाजकार्य हा आरंभीचा हेतू नव्हता. मोठ्या शहरात एकाकी पडलेल्या व्यावसायिकांना विश्वासाची माणसे हवी होती. नियमित भेटीतून ओळख वाढली, ओळखीतून भरवसा निर्माण झाला, आणि मग शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी याच मंडळींनी पाठपुरावा केला. आधी भेट आणि मग सेवा, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण महापुराच्या रात्री दोन वाजता ज्याला फोन करायचा, त्याला आपण आधी पन्नास वेळा भेटलेलो असावे लागते.

पोलिओचे उदाहरण घ्या. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आपला दक्षिण-पूर्व आशिया प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. हे यश प्रामुख्याने सरकारी आरोग्ययंत्रणेचे आणि घरोघर फिरलेल्या सेविकांचे आहे. तथापि इतकी वर्षे निधी गोळा करत राहणे आणि रविवारच्या लसीकरण केंद्रावर माणसे उभी करत राहणे क्लबांना जमले, ते दर आठवड्याला भेटण्याच्या शिस्तीमुळेच.

सभेत दिलेला शब्द पुढच्या सभेत विचारला जातो, हे साप्ताहिक सभेचे खरे प्रयोजन आहे. ‘शंभर वह्या मी आणतो’ असे म्हणणाऱ्याला सात दिवसांनी चारचौघांत उत्तर द्यावे लागते. पूर्वी हजेरीचे नियम कडक होते. सभा चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन ‘मेक-अप’ करावा, म्हणजे चुकलेली हजेरी भरून काढावी लागत असे. २०१६ पासून रोटरीने क्लबांना मोकळीक दिली असून महिन्यातून किमान दोन सभा पुरतात. या बदलामुळे नोकरी करणारे तरुण सभासद टिकले, हे मान्य करूनही माझे मत साप्ताहिक सभेच्या बाजूनेच पडते. मात्र हार, शाली आणि परिचय यांतच तास संपत असेल, तर त्या सभेला जाण्यापेक्षा आपल्या यजमानांनी घरी मुलांचा अभ्यास घेतलेला बरा.

प्रश्न (जत तालुक्यातील एक शिक्षक) : आमच्या शाळेला एका क्लबाने जलशुद्धीकरण यंत्र दिले. मोठा कार्यक्रम झाला, फोटो छापून आले. आठ महिन्यांत यंत्र बंद पडले. फोन केला तर ‘ते अध्यक्ष गेले, आता नवे आहेत’ असे उत्तर मिळाले. आम्ही कोणाला विचारावे?

उत्तर : गुरुजी, आपले पत्र वाचून मला आमच्याच क्लबाची एक चूक आठवली. काही वर्षांपूर्वी आम्हीही दुष्काळी पट्ट्यातल्या एका शाळेला असेच यंत्र दिले होते. तिथले बोअरचे पाणी जड होते. यंत्रातला पडदा क्षारांनी चोंदला, तो बदलण्याचा खर्च शाळेच्या आवाक्याबाहेरचा होता आणि आम्ही तो धरलाच नव्हता. शिवाय अशा यंत्रातून शुद्ध पाण्याच्या जोडीने बरेच पाणी वाया जाते. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात त्या सांडपाण्याचे काय करायचे, हा विचारही कोणी केला नव्हता. दोन वर्षांनी मी त्या शाळेत गेलो, तेव्हा यंत्रावर आमच्या क्लबाचे नाव स्वच्छ वाचता येत होते आणि मुले पिण्याचे पाणी घरून बाटलीत आणत होती. त्या दिवशी मला जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही.

या दोषाचे मूळ क्लबांच्या रचनेत आहे. रोटरी आणि तशीच दुसरी संघटना लायन्स, या दोन्हींचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. अध्यक्ष एकाच वर्षासाठी असतो, आणि प्रत्येक नव्या अध्यक्षाला पदग्रहणाच्या भाषणात नवा प्रकल्प जाहीर करायचा असतो. जुन्या प्रकल्पाची डागडुजी करण्यात नाव होत नाही. एका वर्षाची सत्ता चांगलीही आहे, कारण त्यामुळे क्लब कोणाची जहागीर होत नाही. परंतु दहा वर्षे चालायला हव्या असलेल्या वस्तूला एका वर्षाचा धनी पुरत नाही. ही उणीव भरून काढण्याचे साधन म्हणजे सभेचे इतिवृत्त. दिलेली वस्तू, तिचे ठिकाण, देखभालीचा करार आणि जबाबदार सभासदाचे नाव त्यात नोंदलेले असेल, तर नव्या अध्यक्षाला ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणता येत नाही. आमच्या क्लबात त्या घटनेनंतर असा ठराव झाला की कोणतेही यंत्र देताना किमान तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम आधी बाजूला काढायची, आणि ज्याने प्रकल्प सुचवला त्याने पद गेल्यावरही दर सहा महिन्यांनी तिथे जाऊन येऊन सभेत सांगायचे. प्रकल्पांची संख्या त्यामुळे निम्म्यावर आली, आणि त्याबद्दल मला समाधान आहे.

आपण आता असे करावे. फोन न करता मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र क्लबाच्या सचिवांना पाठवा. त्यात यंत्र मिळाल्याची तारीख, बिघाडाचे स्वरूप आणि दुरुस्तीच्या खर्चाचे लेखी अंदाजपत्रक द्या, आणि एका साप्ताहिक सभेत दहा मिनिटे बोलण्याची परवानगी मागा. पाहुण्या वक्त्याला क्लब सहसा नाही म्हणत नाहीत. पंचवीस-तीस माणसांसमोर आपण शांतपणे वस्तुस्थिती मांडलीत, तर त्याच संध्याकाळी कोणीतरी खिशात हात घालील. तरीही दाद मिळाली नाही, तर त्यांच्या प्रांतपालांना, म्हणजे त्या भागातल्या सर्व क्लबांच्या प्रमुखांना लिहावे. ते वर्षातून एकदा प्रत्येक क्लबाला भेट देतात आणि प्रकल्पांची विचारपूस करतात.

प्रश्न (तासगाव) : आम्ही दहा-बारा मित्र गरीब विद्यार्थ्यांच्या फीसाठी निधी जमवू इच्छितो. नाटकाचा प्रयोग ठेवावा की भाग्यवान सोडत? त्यात कायद्याची काही अडचण आहे का?

उत्तर : सोडतीच्या वाटेला जाऊ नका. सरकारी परवानगीशिवाय तिकिटे विकून सोडत काढणे गुन्हा ठरतो. हेतू चांगला असला तरी कायदा हेतू विचारत नाही. नाटकाचे मात्र अगत्याने करा. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सांगलीतच रंगभूमीवर आणले. या भागात मदतीच्या प्रयोगाचे तिकीट घेऊन नाटक पाहणे लोकांना परके वाटत नाही. पण आधी हिशेब मांडा. समजा, तिकिटे आणि स्मरणिकेच्या जाहिराती मिळून चार लाख जमले आणि नाट्यसंस्थेचे मानधन, नाट्यगृह, छपाई व प्रवास यांत तीन लाख वीस हजार गेले, तर विद्यार्थ्यांच्या हाती ऐंशी हजारच पडतात. तेवढ्यासाठी बारा जणांनी दोन महिने पायपीट करायची की दहा दुकानदारांकडून थेट वर्षाची फी भरून घ्यायची, याचा विचार प्रयोगाची तारीख घेण्यापूर्वी करावा.

दुसरी गोष्ट नोंदणीची. आपला गट नोंदणीकृत नसेल, तर लोकांकडून धर्मादाय कारणासाठी पैसे गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यातील कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळेही हीच परवानगी काढतात. क्रमांक छापलेले पावती पुस्तक ठेवा, खाते दोघांच्या सहीने चालवा आणि रोख रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल, तर त्यासाठी पात्र ठरलेल्या संस्थेचीच पावती लागते, दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली स्वीकारलेल्या व्यक्तीला तर तिचा उपयोगच नाही. सवलतीचे खोटे आश्वासन देऊन देणगी घेऊ नये. आपल्या गावातल्या एखाद्या चांगल्या नोंदणीकृत संस्थेच्या मार्फत पहिले वर्ष काढलेत, तर हा सारा व्याप आपसूक कमी होईल.

प्रश्न (मिरज) : वाढदिवस, जयंत्या आणि वर्धापनदिनांना रक्तदान शिबिरांची गर्दी असते, पण मे महिन्यात माझ्या वडिलांसाठी रक्त मिळवताना आमची फार धावपळ झाली. असे का?

उत्तर : कारण रक्त साठवून ठेवण्याला मर्यादा आहे. तांबड्या पेशी, वापरलेल्या द्रावणानुसार, ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट केवळ पाच दिवस. एकाच आठवड्यात दहा शिबिरे झाली तर त्यातले काही रक्त मुदतीत वापरले न जाण्याची भीती असते, आणि पुरुषांना तीन महिने व महिलांना चार महिने पुन्हा रक्तदान करता येत नसल्याने ते दाते पुढच्या टंचाईत उपयोगी पडत नाहीत. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, उन्हामुळे शिबिरे कमी होतात. मिरजेच्या रुग्णालयांत मात्र आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून रुग्ण येतच राहतात. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. त्यांना आपल्या जयंतीची तारीख कशी चालेल?

म्हणून क्लबांना माझी आग्रहाची विनंती आहे की शिबिराची तारीख रक्तकेंद्राला विचारून ठरवावी. एका दिवशी दोनशे पिशव्यांचा विक्रम करण्यापेक्षा दर महिन्याला वीस दाते पाठवावेत. अठरा ते पासष्ट वयाचे, किमान ४५ किलो वजनाचे आणि हिमोग्लोबिन १२.५ असलेले सभासद, त्यांचे कुटुंबीय व कामगार यांची रक्तगटासह यादी साप्ताहिक सभेत तयार होऊ शकते. दात्यांना हेल्मेट, बॅग यांसारख्या भेटवस्तू देण्याची प्रथा बंद व्हावी, कारण वस्तूच्या ओढीने आलेला माणूस आपले आजारपण लपवण्याचा संभव असतो आणि त्याचे परिणाम रक्त घेणाऱ्याला भोगावे लागतात.

प्रश्न (आष्टा) : महिलांना या क्लबांत थेट सभासद होता येते का?

उत्तर : होय. रोटरीने १९८९ मध्ये आपल्या नियमांतली पुरुषांपुरती असलेली अट काढून टाकली. लायन्समध्येही महिला सभासद आणि अध्यक्ष आहेत. इनरव्हील ही महिलांचीच स्वतंत्र संघटना आहे. पती सभासद असण्याची गरज कुठेही नाही.

प्रश्न (पलूस तालुका, कृष्णाकाठचे गाव) : २०१९ च्या महापुरानंतर आमच्या गावात जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. चिखल काढायला मात्र माणसे नव्हती. पुढच्या वेळी क्लबांनी काय करावे?

उत्तर : आपण म्हणता ते मी स्वतः पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले, आणि राज्यभरातून मदतीचे ट्रक आले. आमच्या क्लबाने गोळा केलेल्या कपड्यांतही फाटलेले, न धुतलेले बरेच निघाले. ते निवडण्यात आमचे पंधरा कार्यकर्ते तीन दिवस अडकून पडले. त्याच तीन दिवसांत गावागावांतून फावडी, खराटे, फिनेल, चिखल धुण्यासाठी पंप, विहिरींसाठी ब्लीचिंग पावडर, कोरडी अंथरुणे, गॅसच्या शेगड्या आणि शाळेच्या वह्या यांची मागणी येत होती. पहिल्या दोन दिवसांत शिजवलेले अन्न लागते, चौथ्या दिवशी कोरडा शिधा लागतो आणि दहाव्या दिवशी घर धुवायला हात लागतात. मदत करणाऱ्यांचा उत्साह मात्र नेमका दहाव्या दिवसापर्यंत ओसरलेला असतो.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले, तेव्हा आम्ही कपडे घेण्यास नम्रपणे नकार दिला. तोवर आमच्याकडे ट्रॅक्टर, जनरेटर, पाण्याचा पंप आणि ट्रक असलेल्या सभासदांची यादी होती, कोणी कोणत्या गावच्या सरपंचांशी बोलायचे हे ठरलेले होते, आणि पूर ओसरल्यावर सलग तीन रविवार स्वच्छतेला जाण्यासाठी नावे आधीच नोंदवून घेतली होती. आपल्या ग्रामपंचायतीने पावसाळ्याची वाट न पाहता मे महिन्यातच जवळच्या क्लबाच्या एका सभेला दोघेजण पाठवावेत. गावात सखल भागात किती घरे आहेत, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया किती, जनावरे कोठे हलवायची, उंचावरची कोणती शाळा मोकळी करता येते, हे एका कागदावर लिहून न्यावे आणि त्याची एक प्रत सचिवांकडे ठेवावी. जुलैमध्ये नवे अध्यक्ष येतील, तेव्हा तो कागद त्यांच्या पहिल्याच सभेत वाचला जावा, एवढे मात्र फोन करून पाहावे.