एकेक खण, मिळून वाडा

प्रश्न : चौथीच्या 40 मुलांकडून विश्रामबाग वाड्याचा दर्शनी भाग पुठ्ठ्यावर करून घ्यायचा आहे. मागच्या खेपेला पुठ्ठे वाळल्यावर वाकले, खांब वेडेवाकडे झाले. काय चुकले?
— एक कलाशिक्षिका, पुणे

उत्तर : प्रत्येकाला अख्खा वाडा देऊ नका. वाडा खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागांत, मोजतात, तेव्हा एका मुलाला एकच खण द्या. पुठ्ठा 21 बाय 30 सेंमी. खालून 6 सेंमीवर कठड्याची आणि 22 सेंमीवर छज्ज्याची रेघ सगळ्यांच्या पुठ्ठ्यावर तुम्ही स्वतः आखा, नाहीतर खण शेजारी लावल्यावर छज्जा पायऱ्यांसारखा दिसतो. खांब फक्त डाव्या कडेला. उजवीकडचा शेजाऱ्याच्या खणातून मिळतो. ओळीच्या शेवटी तेवढा एक जादा करा.

पुठ्ठा वाकतो, कारण तो एकाच बाजूने ओला होतो. चिकटवलेला कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. म्हणून पाठीमागेही वर्तमानपत्राचा कागद चिकटवा आणि रात्रभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवा. फेविकॉलमध्ये पाणी घालू नका. वर्गाला किलोभर पुरतो.

आता खांब. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या या वाड्याची ओळख म्हणजे त्याचे सुरूचे खांब, सुरूच्या झाडासारखे खाली भरीव आणि वर निमुळते. मुले सरळ पट्ट्या कापतात आणि वाड्याचा सगळा डौल जातो. 16 बाय 6 सेंमीचा कागद उभा दुमडून घडीच्या बाजूला अर्धाच खांब काढायला सांगा. पुष्कळ मुले तो मोकळ्या कडेला काढतात. मग कापल्यावर हाती दोन तुकडे येतात. आधी घडीवर पेन्सिलने फुली मारून घ्या आणि ‘फुलीला कात्री लावायची नाही’ एवढेच सांगा. खांबामागे खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन थर दिले की तो भिंतीपासून सुटा दिसतो. छज्ज्यावरच्या पट्टीत केळफूल हवेच: थेंबाच्या आकाराच्या तीन पाकळ्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी लहान, टोक खाली.

प्रश्न : रंग दिल्यावर नक्षी दिसेनाशी होते.

उत्तर : सगळीकडे एकच तपकिरी रंग बसतो म्हणून. आधी गडद तपकिरी द्या, पूर्ण वाळू द्या. मग फिकट तपकिरी रंगात ब्रश बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करा आणि वर आलेल्या भागांवरून आडवा, हलका फिरवा. ब्रश ओला राहिला तर रंग खाचांत उतरतो.