साखर कारखाने सुरू झाले की मोटरसायकलचे अपघात का वाढतात? रात्री उशिरा घरी येणाऱ्यानं काय सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की टेंभुर्णीच्या एमआयडीसीत दुसरी पाळी करता, रात्री साडेअकराला सुटता आणि पंढरपूर रस्त्यानं मोटरसायकलवर घरी येता. गेल्या हंगामात ओळखीतली दोन माणसं उसाच्या ट्रॉलीवर आदळून गेली, म्हणून घरचे घाबरलेत. तुम्ही हेल्मेट घालता, साठच्या वर जात नाही. एवढं पुरेसं आहे का, की कंपनीतच झोपून पहाटे निघावं, असा तुमचा प्रश्न.

पुरेसं नाही. हेल्मेट बरोबर आहे, साठ चुकीचं आहे.

याच पट्ट्यात रस्त्याच्या कडेला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. अपघातातल्या गाड्या पंचनामा उरकला, विम्याचा माणूस फोटो काढून गेला, की आमच्यासारख्यांकडे येतात. पावसाळ्यात येणारी गाडी एका अंगानं खरवडलेली असते. फूटरेस्ट वाकलेलं, आरसा तुटलेला, सायलेन्सर घासलेला. म्हणजे घसरून पडलेली. नोव्हेंबर ते मार्च येणाऱ्या गाडीची मोड वेगळी असते. पुढचे शॉकअप मागं जाऊन इंजिनला टेकलेले, हेडलाइटचा चुरा, टाकीला वरून खोक. आणि सीटपासून मागं बघाल तर गाडी शोरूममधून आणल्यासारखी, नंबर प्लेटला ओरखडा नाही. मी अशा गाडीचं मागचं टायर फिरवून बघतो. जोरात ब्रेक दाबून चाक जाम झालं असेल तर रबरावर एका जागी घासल्याचा सपाट डाग पडतो. बऱ्याच गाड्यांवर तो नसतो. पुढं काय आहे ते त्या माणसाला शेवटपर्यंत दिसलंच नव्हतं.

हे का होतं, ते हिशेबानं सांगतो. ताशी 60 म्हणजे सेकंदाला साधारण 17 मीटर. अंधारात काहीतरी दिसलं, ते काय आहे ते कळलं आणि हातपाय ब्रेकवर गेले, यात दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी 25 मीटर पुढं गेलेली असते. मग कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले तरी थांबायला आणखी 23-24 मीटर लागतात. एकूण झाले पन्नासच्या आसपास. आता शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला डिप्परवर, म्हणजे खाली पाडलेल्या दिव्यावर, धड दिसतं ते 30-35 मीटर, तेही काच स्वच्छ असेल तर. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. ब्रेक लागून दहा मीटर होतात न होतात तोवर तुम्ही पंचेचाळीस-पन्नासच्या वेगानं लोखंडावर. हाच हिशेब 40 ला करून बघा, 28 मीटरमध्ये गाडी उभी राहते. दिव्याच्या आत.

म्हणून माझं पहिलं आणि मुख्य सांगणं एवढंच: डिप्परवर असाल तेव्हा चाळीस. समोरून कुणी नसेल तर अप्पर टाका आणि मग पन्नास-पंचावन्ननं जायला हरकत नाही. पण समोरच्याच्या प्रकाशानं डोळे दिपले की त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडायचा. आपल्याकडं उलटं होतं. माणूस म्हणतो, ही गाडी पास होऊ दे मग बघू, आणि त्याच वेगानं दोन-तीन सेकंद आंधळा जातो. तुमच्या बाजूला उभी असलेली ट्रॉली नेमकी त्या दोन-तीन सेकंदांत लपलेली असते. डोळे समोरच्या दिव्यावर ठेवू नका, डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा.

लोक धोक्याची जागा म्हटलं की वळण सांगतात. अमक्या वळणाला काहीतरी आहे, तिथं नारळ फोडा. नारळ फोडायला माझी ना नाही. पण केंद्र सरकारच्या 2022 च्या अपघात अहवालात देशातले सुमारे 67 टक्के अपघात सरळ रस्त्यावरचे आहेत. वळणावर माणूस आपसूक वेग कमी करतो, सरळ रस्ता दिसला की सोडतो.

आता ट्रॉली दिसत का नाही, हे. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि आरटीओ रिफ्लेक्टरच्या पट्ट्या वाटतात, मागं लावायला चमकणारं कापड देतात, पेपरात फोटो येतो. हे होतं, खोटं नाही. पण पट्टी चिकटवतात ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, आणि ऊस भरला की तो फळीच्या बाहेर हात-दीड हात लोंबतो. पट्टी झाकली गेली. उरलेल्या भागावर काळ्या रानाचा चिखल. लाईटचं विचारलं तर एका ट्रॅक्टरवाल्यानं मला सांगितलं, ‘भाऊ, ऊस खाली करताना लाईट फुटती, किती वेळा बसवू?’ त्याचंही खोटं नाही. रात्रभर कारखान्याबाहेर नंबर लावून बसलेला, झोप न झालेला माणूस आहे तो. मालक वेगळा, ऊसतोड टोळीचा मुकादम वेगळा, कारखाना म्हणतो वाहतूकदार बघेल. माझ्या मते हे कारखान्याच्या वजनकाट्यावरच सुटेल. भरलेल्या उसाच्या बाहेरून कापड बांधलेलं नसेल तर वजन नाही, असं एका कारखान्यानं आठ दिवस पाळलं तरी सगळ्या ट्रॉल्या चमकायला लागतील. पण उसाची पळवापळवी चालू असताना गाडी परत पाठवायला कुणाचा जीव होत नाही.

तोवर ओळखायच्या खुणा तुम्हालाच पाठ हव्यात. रस्त्यात बाभळीची किंवा लिंबाची फांदी पडलेली दिसली तर ती वाऱ्यानं आलेली नाही. पुढं ट्रॉली बिघडून उभी आहे, तिचा तो बोर्ड आहे. फांदी चुकवून तसंच पुढं निघू नका, वेग निम्मा करा. काम झाल्यावर ट्रॅक्टर जातो, पण चाकाला लावलेले दगड तिथंच राहतात. डोक्याएवढा दगड चाळीसलासुद्धा माणूस उडवतो. म्हणून रोजची उभी राहायची ठिकाणं, म्हणजे चढ, पुलाच्या अलीकडची जागा, टपऱ्या, लक्षात ठेवा.

समोरून एकच दिवा येतोय म्हणजे मोटरसायकल, असं धरून चालू नका. एकडोळ्या ट्रॅक्टर असतो. त्याचा डावा दिवा चालू आणि तुमच्या बाजूचा बंद असेल तर तुम्ही मोटरसायकलपुरती जागा सोडता आणि अख्खं धूड अंगावर येतं. अशा दिव्याला ट्रकची जागा द्या.

ओव्हरटेकचं तसंच. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून पन्नास फुटांच्या आसपास लांबी होते. मागून तुम्हाला शेवटचीच दिसते. अर्ध्यात गेल्यावर कळतं की पुढं आणखी एक आहे, आणि मागची ट्रॉली रस्त्याच्या खड्ड्याप्रमाणं डावी-उजवी झुलते. भरलेल्यापेक्षा रिकामी जास्त. कारखान्यातून सुटलेला रिकामा ट्रॅक्टर पळवतात, साऊंड मोठा लावलेला असतो, तुमचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. समोर लांबपर्यंत काळोख असेल तरच काढा, नाहीतर मागं राहा. पाच मिनिटं जातील.

चौपदरी झालेल्या रस्त्यावर, म्हणजे पुणे-सोलापूर महामार्ग किंवा नवे पालखी मार्ग, धोका बदलला, गेला नाही. दुभाजकाची फट लांब असते म्हणून ट्रॅक्टर उलट्या बाजूनं कडेकडेनं येतात. आणि कडेकडेनं कोण जातं? आपण, टू-व्हीलरवाले. एवढा चांगला रस्ता बघून सगळ्यात जास्त ढिलाई तिथंच होते.

शेतातून ट्रॉली डांबरीवर चढते तिथं काळ्या मातीचा थर पडतो. दुपारी त्याची धूळ असते, रात्री दव पडलं की साबण होतो. तिथं ब्रेक आणि हँडल दोन्ही शांत ठेवून गाडी सरळ काढायची. कडेला पाचट पेटवलेलं असेल तर धुराच्या आत काय उभं आहे ते दिसत नाही. आधीच वेग कमी करायचा.

हेल्मेटबद्दल फार सांगत नाही, तुम्ही घालताच. फक्त बक्कल लावत जा. अपघाताच्या जागी माणूस एकीकडं आणि हेल्मेट दुसरीकडं, हे इथं नवीन नाही. नीट बांधलेल्या हेल्मेटमुळं मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्के कमी होतो, असं जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेलं आहे. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची, आणि हेल्मेट नव्हतं असे 50,029. या पन्नास हजारांत 14,337 मागं बसलेले होते, म्हणजे घरची बाई, भाऊ, मित्र. मागच्याचं हेल्मेटही घ्या. महामार्गाच्या कडेला ढीग लावून विकतात ते नको, आयएस 4151 चा शिक्का असलेलं घ्या. काचेवर ओरखडे असतील तर ती बदला. समोरच्या दिव्याचा प्रकाश ओरखड्यांत फुटतो आणि सगळं पांढरं दिसतं.

पण एक स्पष्ट सांगतो. ट्रॉलीच्या मागचा लोखंडी अँगल गाडीवर बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला येतो. तिथं हेल्मेट काय करणार? म्हणून मघापासून वेगावर एवढं बोलतोय.

गाडीची दोन कामं याच आठवड्यात करून घ्या. एक, हेडलाइट. भिंतीपासून पंचवीसेक फुटांवर सपाट जागी गाडी सरळ धरा, रोज जेवढं ओझं असतं तेवढं घेऊन बसा, आणि डिप्परच्या प्रकाशाची वरची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षा किंचित खाली पडते का बघा. मागं दुधाचे कॅन किंवा माणूस असला की पुढचं तोंड वर होतं आणि दिवा झाडांवर पडतो. हेडलाइटजवळ एक स्क्रू असतो, मेकॅनिक पाच मिनिटांत करून देईल. आतली चांदी पिवळी पडली असेल तर अख्खा हेडलाइट बदला. पांढऱ्या एलईडी पट्ट्या लावून घेऊ नका. पोरं रोज मागतात, मी लावून देत नाही. समोरचा आंधळा होतो आणि धुक्यात तुमच्यासमोरच पांढरी भिंत उभी राहते.

दुसरं, पुढचा ब्रेक. पुढचा धरला की माणूस उलटा होतो या भीतीनं निम्मे लोक फक्त पाय दाबतात. गाडी थांबवण्याचं अर्ध्याहून जास्त काम पुढचं चाक करतं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना मागचा दाबला की पुढचाही लागेल अशी सोय किंवा एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारा ब्रेक, असतंच, पण तुमची गाडी जुनी असेल तर केबल, लायनर बघून घ्या. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या सरळ रस्त्यावर चाळीसवरून दोन्ही ब्रेक हळूहळू आवळत थांबायची सवय करा. एकदम हिसका नाही, आवळत न्यायचं.

कुणाचा अपघात दिसला तर गाडी त्याच्यापासून लांब, दिवा आणि इंडिकेटर चालू ठेवून लावा आणि 108 ला फोन करा. हेल्मेट ओढून काढू नका. पोलीस मागं लागतील म्हणून लोक थांबत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134 अ कलम आलंय, मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे 2025 पासून जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचाराची केंद्राची योजनाही आहे. पूर्ण उपचार ठरलेल्या दवाखान्यांतच मिळतात, तेव्हा आपल्या रस्त्यावरचा कुठला दवाखाना त्यात आहे ते आधी विचारून ठेवा. आणि तुमच्या विम्यात मालक-चालकाचं 15 लाखांचं संरक्षण आहे का, तेही पॉलिसी काढून बघा. लायसन चालू नसेल तर ते मिळत नाही.

राहिला कंपनीत झोपायचा प्रश्न. झोप अनावर झाली असेल, हेडलाइट गेला असेल, तर झोपाच. पण पहाटे पाचला निघायचं असेल तर फायदा नाही. डिसेंबर-जानेवारीत भीमेच्या आणि कालव्याच्या काठानं पाच ते सात धुकं असतं, आणि रात्रभर कारखान्यात अडकलेल्या रिकाम्या ट्रॉल्या त्याच वेळी परत फिरतात. झोपलात तर ऊन पडल्यावर निघा. नाहीतर साडेअकरालाच निघा, पाळीतला कुणी त्याच दिशेला असेल तर त्याच्यामागं चाळीस-पन्नास मीटर अंतर ठेवून. घरी पोहोचायला रोजच्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा, म्हणजे उशीर झाला म्हणून वाटेत फोन येणार नाही.