जाळीपलीकडच्या माद्री : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी सांता मोनिका या माद्रींच्या जुन्या मठाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, म्हंजे विषय तसा जुन्या गोव्यातल्या पार्किंगचा होता, मोनिका मध्ये सहज आली. पत्रं मात्र सगळी माद्रींबद्दल, म्हंजे मठात राहणाऱ्या ख्रिस्ती नन्सबद्दल, पार्किंगबद्दल एकही नाही. तर यावेळी तेच घेते.

ताई, आमच्या शेजारच्या क्रिस्तांव घरातली मुलगी एमकॉम झाली, बँकेत लागेल असं सगळे धरून चाललेले, आणि आता म्हणते बंद मठात जाणार. तिची आई रोज आमच्याकडे येऊन रडते. मला एक कळत नाही, शाळा चालवणाऱ्या, हॉस्पिटलात काम करणाऱ्या सिस्टरांचं समजू शकते, पण आत बसून काहीच करायचं नाही हे कसलं व्रत? संसाराला घाबरून पळणंच ना हे? (सौ. वि. ना., म्हापसा)

अहो, आधी ते "काहीच करायचं नाही" काढून टाका. तिथलं टाइमटेबल बघितलंत तर तुमच्या-माझ्यासारख्या दुपारी तासभर आडव्या होणाऱ्या बायकांना धाप लागेल. आपल्याकडे चिखलीला कार्मेलाइट माद्रींचा मठ आहे, त्यांच्याच पंथाचं सांगते, वेळा मठामठाप्रमाणे थोड्या मागंपुढं होतात. अंधारात उठायचं, सगळ्यांनी मिळून स्तोत्रं म्हणायची, मग एक अख्खा तास नुसतं गप्प बसून ध्यान, हातात माळ नाही की तोंडात शब्द नाही, मग मीस, म्हंजे चर्चमधली रोजची मुख्य उपासना, मग कामं. कामं म्हंजे आपलीच, स्वयंपाक, धुणी, शिवण, बाग, म्हाताऱ्या माद्रींची सेवा. संध्याकाळी परत एक तास ध्यान. आणि दिवसात सात वेळा प्रार्थनेची हाक येते, ती आली की हातातलं तिथंच सोडून उठायचं, टाका अर्धा असला तरी. मला विचाराल तर सगळ्यात अवघड हेच असणार, कारण गॅसवरची फोडणी सोडून मी फोनसुद्धा घेत नाही.

जेवताना बोलायचं नाही, एकजण काहीतरी वाचते आणि बाकीच्या ऐकत जेवतात. मांस वर्षभर बंद, आजारी असली तर वेगळं. १४ सप्टेंबरला जो उपास सुरू होतो तो ईस्टरपर्यंत. आपला चातुर्मास चार महिन्यांत आटपतो आणि त्यातही साबुदाण्याची खिचडी असतेच की. मासे चालतात हां, गोंयकाराला तेवढाच दिलासा.

आता पळण्याचं. पळून माणूस गर्दीत जातो, जिथं कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी. मठात उलटं आहे. स्पेनमधल्या आव्हिला गावात तेरेझा नावाच्या माद्रीनं १५६२ मध्ये हा सुधारलेला पंथ सुरू केला, ती स्वतः त्याआधी खूप मोठ्या मठात राहिलेली, येणंजाणं, पाहुणे, गप्पा, सगळं भरपूर. नव्या घरात तिनं मुद्दाम आकडा लहान ठेवला, आधी तेरा आणि पुढं फार तर एकवीस. तेराजणी, एकच घर, एकच अंगण, मरेपर्यंत. सासू-जावांशी पटलं नाही तर आपण दोन दिवस माहेरी जातो, तिथं जाणार कुठं? एकीची शिंक दुसरीला पाठ होते. फ्रान्समधल्या लिझ्यू गावची छोटी तेरेझ, जी आता जगभर प्रसिद्ध संत आहे, तिची गोष्ट सांगतात की कपडे धुताना समोरची माद्री हात जोरात आपटायची आणि घाण पाणी हिच्या तोंडावर उडायचं, तर ही मागं सरायची नाही आणि तोंडही पुसायची नाही, समोरचीला वाईट वाटू नये म्हणून. मी त्या जागी असते तर दुसऱ्याच दिवशी बादली बदलली असती. तर संसाराला घाबरलेली मुलगी तिथं फार दिवस टिकेल असं मला तरी वाटत नाही.

आणि तिच्या आईला हे सांगा, उद्या आत गेली की परवा दार बंद, असं काही नसतं. २०१८ पासूनचे रोमचे नियम आहेत त्यांत पहिलं वर्ष नुसतं बघायचं, मग एक वर्ष पोस्टुलंट म्हंजे उमेदवार, मग दोन वर्षं नोव्हिस म्हंजे शिकाऊ माद्री, डोक्यावर पांढरा वेल, म्हंजे ओढणीसारखं कापड घालून, मग पाच वर्षं तात्पुरती व्रतं. म्हंजे कायमची व्रतं घेईपर्यंत कमीत कमी नऊ वर्षं. या नऊ वर्षांत मुलगी मागं फिरू शकते आणि मठही तिला "बाळ, हे तुझं नाही" म्हणू शकतो, म्हणतातही. आपण दोनदा कांदेपोहे खाऊन मुलगी देतो, तिथं नऊ वर्षं बघतात. कायमची व्रतं झाल्यावर मात्र सोडायचं तर परवानगी थेट रोमहून लागते, ती सोपी नाही.

आईचं रडणं थांबणार नाही, थांबूही नये. भेटायला जाता येतं पण ठरलेल्या दिवशी, तेही भेटीच्या खोलीत, मध्ये जाळी किंवा कठडा. त्या खोलीला पार्लर म्हणतात, हसू नका.

मतदानाला जातात का? (एक शिक्षक, डिचोली)

जातात. १९९९ च्या रोमच्या नियमांतच आहे, तब्येतीसाठी, आजारी माद्रीच्या सेवेसाठी आणि नागरिक म्हणून जे हक्क आहेत त्यांच्यासाठी बाहेर पडता येतं. दातांच्या डॉक्टरकडेही जातात, दात काही क्लॉइस्टर, म्हंजे मठाची बंदी, मानत नाही.

मी नास्तिक नाही पण सरळ विचारतो. कुष्ठरोग्यांची सेवा करणारी सिस्टर मला वंदनीय आहे. ह्या आत बसणाऱ्यांचा समाजाला उपयोग काय? (निवृत्त इंजिनीअर, फोंडा)

साहेब, तुम्ही इंजिनीअर, तुम्हाला उपयोग मोजून हवा, तो मोजून देता येत नाही हे आधीच कबूल करते. चर्चचं स्वतःचं यावर म्हणणं काय ते मात्र सांगते, कारण त्यात आपल्या गोव्याचा संबंध आहे.

गोंयचो सायब, फ्रान्सिस झेवियर, १५४२ च्या मे महिन्यात गोव्याच्या धक्क्यावर उतरला. तिथून मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान, आणि १५५२ मध्ये चीनच्या दारात एका बेटावर मेला. दहा वर्षांत त्या काळच्या जहाजांतून एवढी वणवण. जगभरच्या मिशनकार्याचा संरक्षक संत म्हणून त्याला मान, ते कोणालाही पटेल. पण १९२७ मध्ये पोपनी त्याच्याच बरोबरीनं दुसरं नाव जोडलं, ते कोणाचं? त्या लिझ्यूच्या तेरेझचं. ती पंधराव्या वर्षी, १८८८ मध्ये मठात शिरली आणि १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी टीबीनं तिथंच गेली. नऊ वर्षं एकाच आवारात. परदेशातल्या मिशनरी पाद्रींना ती पत्रं लिहायची आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, एवढंच तिचं मिशन. म्हंजे चर्चच्या हिशेबात जो सगळ्यात जास्त फिरला आणि जी उंबऱ्याबाहेर पडली नाही, ती दोघं एकाच कामावरची माणसं आहेत. तुम्हाला हे पटेलच असं नाही, मला स्वतःला अर्धं पटतं. पण तुकोबा दुकान सोडून भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायचे तेव्हा देहूतल्या लोकांनी, आणि घरातल्यांनीही, हाच प्रश्न विचारला असणार ना? उपयोग काय?

अजून एक, कुष्ठरोग्यांची सेवा करणारी सिस्टर आणि बंद मठातली नन ह्या दोघींना आपण एकाच झग्यात बघतो, पण त्यांचं काम दोन वेगळ्या खात्यांतलं आहे. पोस्टमन पोळ्या लाटत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही.

सांता मोनिकात मुलींना जबरदस्तीनं कोंडायचे असं आमचे आजोबा सांगायचे. खरं का? आणि ते थराथरांचं गोड बेबिंक तिथलंच का? (कु. अ., डोंगरी)

आधी इमारत. जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर, सेंट ऑगस्टिनचा तो अर्धा पडलेला मनोरा आहे ना, त्याच्या समोर. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांनी १६०६ मध्ये मठ सुरू केला, बांधकाम १६२७ ला संपलं, १६३६ मध्ये आग लागली आणि पुढच्याच वर्षी परत उभा राहिला. पूर्वेकडच्या देशांत माद्रींचा असा बंद मठ पहिला हाच. बाहेरून बघितलात तर जाड भिंती आणि त्यांना टेकू दिलेले दगडी धिरे, किल्ला वाटतो.

जबरदस्तीचं. त्या काळी मठात जाणारी मुलगी हुंडा घेऊन जायची, लग्नासारखाच, आणि आत गेलेल्या बऱ्याचशा पोर्तुगीज घरांतल्या होत्या. प्रत्येकीच्या मनातलं आपण आज कसं सांगणार, मनापासून गेलेल्या असतीलच. पण एक पुरावा मला फार बोलका वाटतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६३ मध्ये नियम केला की सोळा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कायमची व्रतं द्यायची नाहीत, मुलीला बाजूला घेऊन तिची इच्छा विचारायची, आणि जो कोणी मुलीला जबरदस्तीनं आत घालील तो चर्चबाहेर. आता "इथे थुंकू नये" अशी पाटी कुठं लावतात? थुंकतात तिथंच. युरोपात जबरदस्ती चालत होती म्हणून नियम करावा लागला, तुमचे आजोबा अगदीच हवेत बोलत नव्हते.

शेवट मात्र वेगळाच झाला. पोर्तुगालमध्ये १८३४ ला कायदा आला, पुढच्या वर्षी गोव्यातले पाद्रींचे मठ बंद, त्यांना घालवून दिलं. माद्रींना राहू दिलं पण नवी मुलगी घ्यायची नाही. मग पन्नास वर्षं ते घर नुसतं रिकामं होत गेलं, शेवटची माद्री १८८५ मध्ये गेली. मी तिथं गेले की मला हेच डोक्यात येतं. स्तोत्रं दोन बाजूंनी म्हणतात, एक ओळ ह्या बाजूनं, एक त्या. मग दोघीच उरल्या तेव्हा एकेक बाजू एकेकीची झाली असणार. आणि एकटी उरली तेव्हा? आता तिथं १९६४ पासून सिस्टरांना धर्मशास्त्र शिकवणारी मातेर देई संस्था आहे, आणि ख्रिस्ती कलेचं म्युझियमही, ते बघाच.

बेबिंकचं, सिस्टर बेबियाना नावाच्या माद्रीनं लिस्बन आणि जुन्या गोव्याच्या सात टेकड्यांचे सात थर केले आणि कोणीतरी "हे फारच छोटं" म्हणाल्यावर सोळा केले, अशी गोष्ट सांगतात. दंतकथाच आहे. पण वरून निखारे ठेवून एकेक थर भाजत बसायला जो धीर लागतो तो बघता, ही दंतकथा मठाला चिकटली यात नवल नाही.

आम्ही हिंदू, माझ्या मिस्टरांचं ऑपरेशन आहे. अशा मठात प्रार्थना सांगायला गेलं तर चालतं का? पैसे किती द्यायचे? (सौ. र., वास्को)

चालतं, धर्म कोणी विचारत नाही. रेट वगैरे नसतो, द्यायचंच वाटलं तर तांदूळ, नारळ, साबण असं काहीतरी न्या. स्पेनमध्ये आणि फिलिपिन्समध्ये संत क्लाराच्या माद्रींना अंडी नेऊन देतात, लग्नाच्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून.

मी एकदा माझ्या क्रिस्तांव मैत्रिणीबरोबर अशा एका मठात गेले होते, मे महिन्यात, मानकुराद घेऊन. बेल दाबली. समोर भिंतीत लाकडी पिंपासारखं फिरतं कपाट, एका बाजूनं उघडं, पलीकडचं काही दिसत नाही. आतून आवाज आला, कोंकणीतून, अगदी हसरा, "कोण गो?" मैत्रिणीनं आंबे आणि चिठ्ठी आत ठेवली, कपाट कर्रर्र करत फिरलं, क्षणभर काहीच नाही, मग आतून दोघी-तिघींचा "आं!" असा आवाज, वास गेला असणार. परत फिरून आलं तेव्हा आत एक प्लॅस्टिकची पिशवी. मीसमध्ये देतात त्या पातळ गोल पोळ्या बऱ्याच मठांत माद्रीच करतात, गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही, मीठही नाही, दोन तापल्या लोखंडी पत्र्यांमध्ये भाजायचं, मग जरा दमट होऊ द्यायचं कारण कोरडं कापलं तर चुरा होतो, आणि मग गोल गोल कापायचं. त्या कापल्यावर उरलेल्या कडा होत्या पिशवीत, भोकंभोकं पडलेल्या. स्कूटरवर बसेपर्यंत आम्ही अर्ध्या संपवल्या, चवीला कशाच्याच नाहीत, पण हात थांबत नव्हता.

तर जा. चिठ्ठीवर मिस्टरांचं नाव आणि ऑपरेशनची तारीख लिहा, आजार लिहिला नाही तरी चालेल. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा, कारण प्रार्थनेच्या मध्ये बेल वाजवली तर कोणाला तरी उठून यावं लागतं.