खासगी कंपनीतल्या कामगाराला निवृत्तीनंतर सुखात राहणं परवडतं का?

प्रश्न विचारणाऱ्याने सोबत लिहिलंय की वय ३४ आहे, चाकणला कंपनीत आहे, हातात २८ हजार येतात, बायको घरी, एक मुलगी, आणि आतापासून काय केलं तर म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

एका शब्दात हवं असेल तर नाही. निदान पेन्शनच्या जिवावर तरी नाही. पण तुमच्यासारखाच मी भोसरीत आणि नंतर चाकणला लेथवर टर्नर म्हणून आयुष्य घालवलंय, तेव्हा एका शब्दात उरकणार नाही.

मी मे २०२३ मध्ये ५८ पूर्ण करून बाहेर पडलो. महिन्याला २,८२७ रुपये पेन्शन मिळते. टायपिंगची चूक नाही, दोन हजार आठशे सत्तावीसच. बँकेचा मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं थकबाकीचा काही तुकडा असेल, पूर्ण नंतर येईल. पूर्ण तेवढंच होतं.

हिशोब तुम्हाला माहीत असेलच, तरी एकदा मांडतो. मालक पीएफमध्ये पगाराचे १२ टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, तेही मर्यादेपर्यंतच्या पगारावर. ही मर्यादा २००१ पासून ६,५०० होती, सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली, आणि तिथेच बसलीय. पेन्शन म्हणजे तो पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. माझी ऑगस्ट २०१४ पर्यंतची सव्वादहा वर्षं ६,५०० ने मोजली, त्याचे झाले ९५२. पुढची पावणेनऊ वर्षं १५,००० ने, त्याचे १,८७५. बेरीज करा. माझं बेसिक-डीए शेवटी अठरा हजार होतं, पण पेन्शनवाल्यांच्या वहीत मी पंधराचाच. आणि या पेन्शनला महागाई भत्ता नाही. आज जे मिळतं तेच मी ८० वर्षांचा होईन तेव्हाही, जगलो तर.

आता खरं दुखणं. ही सगळी मिळून १९ वर्षं आहेत. मी पीएफचा मेंबर मात्र त्याआधी ७ वर्षं होतो.

जानेवारी १९९६ ते फेब्रुवारी २००३ मी भोसरीतल्या एका कारखान्यात होतो. त्याआधी पाच वर्षं ठेकेदाराकडे, तिथे पीएफचं नाव काढलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर नाव नसायचं. २००३ मध्ये एके सकाळी फर्स्ट शिफ्टला गेलो तर गेटला कुलूप आणि कुलपाखाली नोटीस. युनियनने दोन महिने मंडप घातला, मग मंडपवाल्याचे पैसे थकले तसा मंडपही गेला. पीएफ काढला आणि पुढचं वर्षभर तोच खाल्ला, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पोरं लहान होती, दुसरं काय करणार?

पण पेन्शनचे पैसे वेगळे होते. आमच्या टाईम ऑफिसातले एक काका कंपनी बंद झाल्यावरही सगळ्यांचे फॉर्म भरून द्यायला चहाच्या टपरीवर बसायचे. त्यांनी मला बायकोसमोर सांगितलं होतं, "दहा-सी फॉर्ममध्ये दोन खाने आहेत. एक पैसे काढायचा, एक सर्टिफिकेटचा. तू सर्टिफिकेट घे. दुसरीकडे लागलास की ही सात वर्षं त्यात मिळतील." बायकोने ते डोक्यात पक्कं ठेवलं. मी नाही ठेवलं.

कारण त्याच आठवड्यात गावाहून थोरल्या भावाचा फोन आला. आमचं गाव माण तालुक्यात. २००३ चा दुष्काळ तिकडच्या लोकांना सांगायला नको. विहीर आटलेली. दादाचं म्हणणं, क्रेन लावून गाळ काढू, दोन सुरुंग मारू, दहा-पंधरा फूट आणखी खाली गेलो की पाणी लागतंय. तुझे कंपनीचे पैसे येणार आहेत म्हणे. "बापाची जमीन आहे, तुझाही वाटा आहे त्यात."

बायको म्हणाली, वर्षं मोडू नका. मी म्हणालो, सात वर्षांचं काय लोणचं घालायचंय? खाना क्रमांक एकवर खूण केली. साधारण २७ हजार आले, त्यातले २५ गावाला गेले. सुरुंग उडाले. खाली काळा पाषाण लागला. पाण्याचा थेंब नाही.

त्या ७ वर्षांची किंमत काढून बघितलीय मी, एकदा नाही, पन्नासदा. ६,५०० गुणिले ७ भागिले ७०, म्हणजे सरळ ६५० रुपये महिना. त्यात आणखी एक मेख आहे. नोकरी २० वर्षं भरली तर वरती २ वर्षं बोनस धरतात. माझी भरली १९. ती सात मोडली नसती तर २६ झाली असती, बोनसही मिळाला असता. सगळं धरून महिन्याला आठ-नऊशे तरी जास्त. हसू नका, आठशेत आमच्या दोघांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची निम्मी चिठ्ठी सुटते.

आमचे दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. २००५ च्या आधी लागलेले, त्यामुळे जुनी पेन्शन. २०१९ ला निवृत्त झाले, आज त्यांना अडतीस हजारांच्या वर मिळते, आणि डीए वाढला की तीही वाढते. त्यांचा हक्क आहे तो, मला पोटदुखी नाही. पोटदुखी ही की मागच्या यात्रेला पंगत बसलेली असताना चार पाहुण्यांसमोर ते मला म्हणाले, "तुम्हा कंपनीवाल्यांना प्लॅनिंगच नसतं."

मी वाढायला उभा होतो, हातात आमटीची बादली होती, म्हणून गप्प बसलो. इथे बसायची गरज नाही. दादा, मी ओव्हरटाइमसकट महिन्याचे २६ दिवस उभं राहून काम केलंय. तुमची अडतीस हजार तुमच्या प्लॅनिंगमुळे नाहीत, तुम्ही कुठल्या दारातून आत गेलात त्यामुळे आहेत. माझी अठ्ठावीसशे मी कुठल्या दारातून गेलो त्यामुळे. आणि त्यातलं जे थोडंफार माझ्या हातात होतं ते तुमच्या विहिरीत आहे.

असो. प्रश्नाकडे येतो.

२००३ नंतर मी पुन्हा लागलो जून २००४ मध्ये, चाकणच्या एका सुटे भाग करणाऱ्या कंपनीत. बाहेर पडताना ग्रॅच्युइटी मिळाली १ लाख ९७ हजार (अठरा हजारांचं १५ भागिले २६, गुणिले १९, काढून बघा). मुलीच्या लग्नाला पीएफमधून आधीच उचल घेतलेली, उरलेले पाच लाख आले. मिळून सात लाखांचं पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं काढलं. ८.२ टक्क्यांनी तीन महिन्यांना १४,३५० येतात. म्हणजे महिन्याला पावणेपाच हजार, त्यात पेन्शन, की झाले साडेसात हजार. पुण्यात दोन माणसं साडेसात हजारात राहतात का, हे तुम्हीच ठरवा.

आम्ही राहतो ते दोन गोष्टींवर. २००७ मध्ये बायकोच्या पाटल्या मोडून चिखलीत एक गुंठा घेतला आणि पुढे त्यावर तीन खोल्या बांधल्या. परवानगी वगैरे काही नव्हती, सगळ्या गल्लीची नव्हती. महापालिकेच्या शास्तीकराच्या नोटिसा वर्षानुवर्षं येत राहिल्या, तो शेवटी २०२३ मध्ये माफ झाला. वरच्या खोलीत दोन पोरं भाड्याने राहतात, सहा हजार देतात. आणि दुसरं म्हणजे मी अजूनही आठवड्यातून तीन दिवस भोसरीत एका वर्कशॉपमध्ये जातो. नवीन पोरांना सीएनसीवर बटणं दाबता येतात, जुन्या लेथवर एखादाच शाफ्ट काढायचा असला की मालकाचा मला फोन येतो. म्हणजे निवृत्त झालो याचा अर्थ एवढाच की कार्ड पंच करायचं बंद झालं.

त्या लेथचा आणखी एक प्रसाद आहे. पेन्शन चालू राहायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पहिल्या वर्षी आमच्या चौकातल्या ई-सेवा केंद्रात गेलो. मशीनवर उजवा अंगठा ठेवला, लाल दिवा. डावा ठेवला, लाल दिवा. पोरगा म्हणाला, काका रुमालाने पुसा. पुसला. मग त्याने माझ्या बोटांना व्हॅसलीन लावलं, मग ते पुसून पावडर लावली. दहाही बोटं झाली. तीसेक वर्षं कूलंटमध्ये हात आणि कापलेल्या लोखंडाच्या तापलेल्या चिप्स हाताने ओढलेल्या, अंगठ्यावर रेषा राहिल्यात कुठे? मागे रांगेत बसलेले एक जण म्हणाले, "मशीनच्या मते तुम्ही गेलात." सगळे हसले, मीही हसलो. शेवटी पोराने मोबाईलवर चेहऱ्याचा फोटो घेऊन दाखला काढून दिला आणि पन्नास रुपये घेतले. २,८२७ मधले पन्नास. तेव्हा तुम्हाला जायची वेळ येईल तेव्हा थेट चेहऱ्याचंच सांगा, अर्धा तास वाचेल.

सरकारकडून आशा ठेवावी का? २०१३ मध्ये खासदारांच्या समितीने ही पेन्शन किमान ३,००० करा अशी शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, पुढे आपल्याच राज्याचे राज्यपाल झाले. २०१४ मध्ये किमान १,००० झाली आणि तिथेच थांबली. आता पेन्शनर साडेसात हजार अधिक महागाई भत्ता मागतायत, बुलढाण्यात २०१८ च्या डिसेंबरपासून साखळी उपोषणाला बसलेत. मीही एकदा मोर्चाला गेलो होतो. माझ्या शेजारी चालणारे गृहस्थ पुढच्या मोर्चाला नव्हते.

तुमचं म्हणाल तर तुम्ही २०१५ च्या आसपास लागला असाल. मध्ये न मोडता ५८ पर्यंत गेलात तर ३४ वर्षं, अधिक बोनसची २. मर्यादा पंधराच राहिली असं धरलं तर महिन्याला ७,७१४. चोवीस वर्षांनी तेवढ्यात काय येईल देव जाणे. म्हणून म्हणालो, पेन्शनच्या जिवावर नाही. पण तेवढेही सोडू नका. कंपनी बदललीत तर दहा-सी भरून पैसे काढू नका, जुनं खातं नव्यात ट्रान्सफर करा. पीएफच्या खात्यात जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकलीय का ते बघा, आमच्यातल्या दोघांची वर्षं त्या एका तारखेपायी लटकली होती. हातात २८ येतात हे सांगितलंत, बेसिक किती ते नाही सांगितलंत. काही कंपन्या बेसिक मुद्दाम बारीक ठेवतात आणि बाकीचं भत्त्यात दाखवतात, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही बारीक. आणि डोक्यावर छप्पर आधी बघा, भाडं देत म्हातारं होऊ नका. एसआयपी, शेअर वगैरे मला विचारू नका, त्यातलं मला कळत नाही आणि ज्यांना कळतं असं ते म्हणतात त्यांच्यातला एक जण माझ्याकडून वीस हजार उसने घेऊन गेलाय.

आजारपणाचं वेगळं बघा. मी ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, होतो तोवर निर्धास्त होतो. पगार २१ हजारांच्या वर गेला आणि ते कार्ड गेलं. बढतीचे पेढे वाटले होते मी. जे शेवटपर्यंत ईएसआयमध्ये राहतात आणि किमान पाच वर्षं भरतात, त्यांना निवृत्तीनंतर वर्षाला १२० रुपयांत नवरा-बायकोचं औषधपाणी होतं. हे फार जणांना माहीतच नसतं.

दादांबद्दल जरा जास्त बोललो. माणूस वाईट नाही. आई-वडिलांचं शेवटचं सगळं त्यांनी आणि वहिनींनी केलं, मी फक्त पैसे पाठवत होतो, तेही जमेल तेव्हा. अजून दर वर्षी ज्वारीचं पोतं एसटीने येतं. आणि विहिरीला हल्ली पाणी असतं, उरमोडी धरणाचं पाणी आमच्या भागात आल्यापासून. सुरुंगाचा त्यात काही हात नाही एवढंच.

तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलो त्याला आणखी एक कारण झालं. दादांचा मुलगा हिंजवडीला एका कंपनीत होता. चार वर्षं झाली, आता दुसरीकडे चाललाय. परवा दादांचा फोन आला. "अरे, त्याचे ते पेन्शनचे पैसे निघतायत म्हणे, पन्नासेक हजार. काढून घेऊन गाडी घेऊ म्हणतोय. तू त्यातला माहितगार, काय करू?"

मी दोन्ही खाने नीट समजावून सांगितले. वर्षं म्हणजे काय, बोनसची २ वर्षं कशी मिळतात, ट्रान्सफर कुठून करायचं, सगळं. दादांनी कागदावर लिहून घेतलं, मध्येच "थांब, परत सांग" म्हणाले. फोन ठेवल्यावर बायकोने आतून विचारलं, विहिरीचं सांगितलंत का?

नाही सांगितलं. म्हणून इथे लिहिलं.