वाचकांचे प्रश्न : टिळकांचा खटला, दावर आणि जिना

प्रश्न : लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दावर हे पूर्वी त्यांचेच वकील होते, असे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मजकुरात वाचले. हा खटला बॅरिस्टर जिनांनी लढवला, असेही त्यात होते. यात खरे किती?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : दावरांविषयीचे विधान खरे आहे आणि जिनांविषयीचे अर्धे खरे आहे. पुण्यात रँड यांच्यावर गोळी झाडली गेल्यानंतर, जुलै १८९७ मध्ये, ‘केसरी’तील मजकुराबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला भरण्यात आला. त्या वेळी दिनशा दावर हे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते. टिळकांच्या जामिनासाठी ते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे उभे राहिले आणि तय्यबजींनी जामीन मंजूर केला. पुढे न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे सुनावणी होऊन टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, तो भाग वेगळा.

मुझफ्फरपूर येथील बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त जे लेख आले, त्यांपैकी १२ मे १९०८ चा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे दोन दुसऱ्या खटल्याच्या मुळाशी होते. २४ जूनला टिळकांना मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात अटक झाली. जामिनाचा अर्ज घेऊन उच्च न्यायालयात उभे राहिले ते जिना आणि समोर न्यायासनावर होते दावर. आरोपीला बचावाची तयारी करता यावी म्हणून त्याला मोकळे ठेवले पाहिजे, हा १८९७ चा मुद्दा जिनांनी तय्यबजींच्या निकालाचा आधार घेऊन पुन्हा मांडला. दावरांनी जामीन नाकारला आणि आपण कारणे देणार नाही, असेही सांगितले.

दावर उलटले, असे अनेकदा लिहिले जाते. मला हा आरोप तेवढासा पटत नाही. वकील अशिलाची बाजू मांडतो. न्यायाधीश झाल्यावर त्याने जुन्या अशिलाला झुकते माप द्यावे, अशी अपेक्षा धरता येत नाही. मात्र ज्या युक्तिवादावर आपण स्वतः जामीन मिळवला, तो कारण न देता बाजूला सारणे आणि शिक्षा सुनावताना आरोपीच्या मनाला रोगट व विकृत म्हणणे, या दोन गोष्टींचा जाब दावरांना इतिहासाने विचारला तर त्यात गैर काही नाही. पुढे त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली तेव्हा वकीलमंडळींनी मेजवानी ठरवली आणि तिला जाण्यास जिनांनी कडक शब्दांत नकार दिला, ही हकिगत न्यायमूर्ती चगला यांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे.

जिनांचे काम १९०८ मध्ये जामिनाच्या अर्जापुरते राहिले. प्रत्यक्ष खटल्यात, म्हणजे १३ ते २२ जुलै या काळात, टिळकांनी स्वतःच स्वतःचा बचाव केला आणि त्यांचे भाषण सर्व दिवस मिळून एकवीस तास दहा मिनिटे चालले. जिनांनी टिळकांची बाजू शेवटपर्यंत लढवली आणि जिंकली ती १९१६ मध्ये. त्या वर्षी बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यविषयक भाषणांवरून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले होते. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला. फिरत्या मजकुरात हे दोन प्रसंग एकत्र कालवले गेले असावेत.

प्रश्न : ज्युरीतील भारतीयांनी टिळकांना निर्दोष ठरवले होते का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ज्युरीत नऊ जण होते, सात युरोपीय आणि दोन पारशी. निकालही सातास दोन असाच लागला. लेख मराठीत होते आणि ज्युरीपुढे त्यांची भाषांतरे ठेवली गेली, हा टिळकांचा मोठा आक्षेप होता. १८९७ मध्येही सहा युरोपीय आणि तीन भारतीय अशी ज्युरी होती आणि मत सहास तीन असेच पडले होते.

प्रश्न : आमचे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. टिळकांसाठी गिरण्या सहा दिवस बंद होत्या, असे ते सांगत. हे खरे आहे का?
– एक वाचक, परळ

उत्तर : खरे आहे. शिक्षा २२ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास सुनावली गेली आणि टिळकांना लगेच खास गाडीने साबरमतीच्या तुरुंगाकडे हलवण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. त्याच दिवसापासून, म्हणजे २३ ते २८ जुलैपर्यंत, सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप या हिशेबाने गिरणगाव बंद राहिले. कापडबाजारही बंद होता. लष्कर रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. खटला चालू असतानाच काही गिरण्यांत काम थांबू लागले होते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

आजोबांच्या त्या आठवणीत मला खटल्याइतकेच महत्त्व दिसते. नारायण मेघाजी लोखंडे १८९७ मध्येच वारले होते आणि संप पुकारू शकेल अशी कामगारांची बळकट संघटना तेव्हा मुंबईत नव्हती. तरीही खात्यांमागून खाती रिकामी झाली. गिरण्यांत रत्नागिरीकडचे लोक मोठ्या संख्येने होते आणि टिळक त्यांच्याच जिल्ह्यात जन्मलेले, हा धागा होता. शिवाय चाळीचाळींतले गणेशोत्सव आणि दारूबंदीची चळवळ यांमुळे टिळकांचे नाव कामगारांत पोहोचलेले होते. रशियातील क्रांतिकारक लेनिन यांनी त्याच वर्षी या संपाची दखल घेतली. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र टिळकांचे भाषण सविस्तर येते आणि संप एका वाक्यात उरकला जातो. ज्यांचा सहा दिवसांचा पगार बुडाला, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

प्रश्न : उच्च न्यायालयात टिळकांच्या शब्दांची पाटी आहे, ती कोणी लावली?
– एक विधी शाखेची विद्यार्थिनी, चर्चगेट

उत्तर : ज्या दालनात खटला चालला, तेथे ही पाटी आहे. तिचे अनावरण १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. चगला यांनी केले. ज्युरीचा निर्णय काहीही असला तरी मी निर्दोष आहे, न्यायासनापेक्षा श्रेष्ठ शक्ती जगाचे नियमन करतात आणि माझे कार्य माझ्या सुटकेपेक्षा माझ्या हालअपेष्टांतूनच वाढावे अशी ईश्वरी इच्छा असू शकेल, अशा आशयाचे टिळकांचे शिक्षेपूर्वीचे इंग्रजी उद्गार तिच्यावर कोरलेले आहेत. चगलांनी वकिलीचे धडे तरुणपणी जिनांच्या चेंबरमध्ये गिरवले होते. आपल्याच न्यायालयाने दिलेली शिक्षा अन्याय्य होती, हे त्यांनी अनावरणाच्या भाषणात मोकळेपणाने मान्य केले.