सेकंडहँड गाडी घेतलीस? मग आधी तिचं ऐक

पहिले काही दिवस गाणी बंद ठेवून गाडी चालव. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आली तर घाबरू नकोस. रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, गंजाचा पातळ थर चढतो; तिला दाबून धरणारे ब्रेक पॅड तो घासून काढतात. दिवसभर येत राहिली तर मात्र पॅड संपत आलेत, लगेच दाखव. एसी चालू असताना खाली स्वच्छ पाणी ठिबकणारच. तेच रंगीत, चिकट, गोडसर वासाचं असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, गळतोय. तेव्हा गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही! चावी फिरवल्यावर नुसतं टकटक? बॅटरी बदलण्याआधी तिच्या टर्मिनलवरचा, म्हणजे वायर जोडतात त्या टोकांवरचा, पांढरट थर बघ. आणि मेकॅनिकला नुसतं 'आवाज येतो' सांगू नकोस. गाडी थंड असताना की तापल्यावर, वळताना की खड्ड्यात, तेही सांग.