नंबर वाटणाऱ्यावर नजर कोणाची? सल्लागार समितीबद्दल माझं मत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बहिणीने नागपुरात मानेवाड्यात नवं सिम घेतलं आणि पहिल्याच आठवड्यापासून तिला कुणा अनोळखी माणसाच्या बँक खात्याचे मेसेज येऊन राहिले. मग हे नंबर वाटतं कोण, आणि वाटणाऱ्यावर लक्ष ठेवायला अमेरिकेत आहे तशी सल्लागार समिती आपल्याकडे नेमता येईल का? माझ्या मते नेमता येईल आणि नेमायलाच हवी. मात्र तिच्यात कोण बसतं आणि तिचं कामकाज उघड्यावर चालतं की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

मी तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली बरीच नंबरांच्या रजिस्टरवर. १९९०च्या आसपासची गोष्ट सांगतो. धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी दवाखाना हलवला आणि फोन सरेंडर केला. काही महिन्यांनी तो नंबर जवळच राहणाऱ्या एका निवृत्त जोडप्याला लागला. कैक वर्षं वेटिंग लिस्टमध्ये थांबलेली माणसं, फोन लागला म्हणून त्यांनी पेढे वाटले होते. पंधरा दिवसांनी काकू वही घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. वहीत तारीख, वेळ, कोण काय बोललं ते सगळं लिहिलेलं. रात्री २ वाजून १० मिनिटं, ‘पोराला ताप आहे, डॉक्टरसाहेबांना उठवा.’ पहाटे ४, ‘वेणा सुरू झाल्या.’ काकू भांडायला आल्या नव्हत्या. म्हणाल्या, “भाऊ, त्या डॉक्टरांचा नवा नंबर लिहून द्या. लोकांना सांगता तरी येईल.” मी तो शोधून दिला, आणि आठवडाभरात काकूंचा नंबरही बदलून दिला. तेव्हा नंबर चुकीच्या हाती गेला तर झोप मोडायची. आज त्याच नंबरावर बँकेचं खातं उघडतं.

आता अमेरिकेचं. तिथली नंबर योजना १९४७ साली एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने आखली, सुरुवातीला ८६ एरिया कोड (आपल्या एसटीडी कोडसारखे) होते. देशातले बहुतेक फोन त्याच घराण्याचे, त्यामुळे नंबरही त्यांनीच वाटले तर कोणाला वावगं वाटत नव्हतं. १ जानेवारी १९८४ला त्या कंपनीचे तुकडे झाले आणि नंबरांचं काम बेलकोअर या संस्थेकडे गेलं. गोम इथे आहे. बेलकोअरची मालकी होती वेगळ्या झालेल्या प्रादेशिक बेल कंपन्यांकडे. मोबाइलच्या, लांब पल्ल्याच्या नव्या कंपन्या आल्या तेव्हा त्यांना नंबर मागायला प्रतिस्पर्ध्याच्याच घरच्या संस्थेच्या दारात उभं राहावं लागे.

शिकागोत हे चांगलंच पेटलं. अमेरिटेक ही तिथली प्रादेशिक बेल कंपनी. तिने नवा ६३० हा कोड फक्त मोबाइल आणि पेजरवाल्यांना द्यायचं ठरवलं. म्हणजे नंबर कमी पडल्याचा सगळा त्रास नव्यांनी सोसायचा आणि जुन्यांना धक्काही लागायचा नाही. जानेवारी १९९५मध्ये तिथल्या सरकारी दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, हा भेदभाव आहे असं सांगून ते नाकारलं. त्याच वर्षी जुलैमध्ये एफसीसीने नॉर्थ अमेरिकन नंबरिंग कौन्सिल नेमायचा आदेश काढला. तिची पहिली बैठक भरली ऑक्टोबर १९९६मध्ये.

ही समिती स्वतः एकही नंबर वाटत नाही. ती सल्ला देते, निर्णय नियामकाचा आणि वाटणारी संस्था तिसरीच. समितीत जुन्या-नव्या टेलिफोन कंपन्या, मोबाइलवाले, राज्यांचे नियामक आणि ग्राहकांची बाजू मांडणारे असे सगळे बसले. शिवाय तिकडे सल्लागार समित्यांसाठी १९७२चा एक कायदा आहे. त्याप्रमाणे बैठक आधी जाहीर करावी लागते, कोणालाही येऊन बसता येतं, सदस्य एकाच बाजूचे ठेवता येत नाहीत, आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण केलं नाही तर समिती आपोआप संपते. मला स्वतःला ही शेवटची अट फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या किती समित्या कागदावर जिवंत आहेत ते नागपूरकरांना मी काय सांगू!

तिचा उपयोग झाला का? १९९७मध्ये तिच्याच शिफारशीवरून नंबर वाटपाचं काम लॉकहीड मार्टिनच्या एका विभागाला मिळालं. पुढच्या वर्षी लॉकहीडने कॉमसॅट ही उपग्रह-दळणवळण कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. वाटणारा आणि घेणारा एकाच घरातले, हे नियमात बसत नव्हतं. शेवटी तो विभागच वेगळा काढून विकावा लागला, आणि १९९९मध्ये त्यातून न्यूस्टार ही कंपनी उभी राहिली. तटस्थपणाची अट लेखी होती, मोजता येणारी होती, म्हणून हे घडलं.

आपल्याकडे नंबर दूरसंचार विभाग वाटतो, २००३च्या राष्ट्रीय नंबर योजनेप्रमाणे. ट्राय, म्हणजे आपलं दूरसंचार नियामक प्राधिकरण, त्यावर शिफारशी करतं. नागपूरच्या जुन्या लोकांना ते दिवस आठवत असतील. सहा आकडी नंबरापुढे २ लागला आणि इतवारीतले दुकानदार रंगाऱ्याला बोलावून पाटीवर तो आकडा घुसवून घेऊ लागले. आधीच्या रंगकामात जागाच नसायची, मग तो २ चौकटीला चिकटून बारीकसा बसायचा. त्या बदलाबद्दल दुकानदाराला आधी कोणी विचारलं नव्हतं, रंगाऱ्याचे पैसे मात्र त्याने दिले.

आणि नंबर खरंच कमी आहेत का? ०७१२च्या पुढे सात आकडे, म्हणजे सुरुवातीच्या एकेका आकड्यामागे दहा लाख नंबर. काटोलचा कोड ०७११२, पुढे सहा आकडे, म्हणजे एकेका आकड्यामागे एक लाख. काटोलला एवढ्या लँडलाइन कधी लागणार? देशात एसटीडी कोडचे असे अडीच हजारांवर भाग आहेत, प्रत्येकात रिकाम्या नंबरांचे गठ्ठे पडून. इकडे मोबाइलला ९ पुरेना म्हणून ८, मग ७, मग ६ उघडावा लागला. लँडलाइनवरून मोबाइल लावताना १५ जानेवारी २०२१पासून आधी शून्य दाबावा लागतो तो याचसाठी. त्या एका शून्याने सुमारे २५४ कोटी नंबर मोकळे होऊ शकतात, असा ट्रायचा हिशोब होता. फेब्रुवारी २०२५मध्ये ट्रायने लँडलाइनचे नंबरही छोट्या भागांऐवजी पूर्ण सर्कलच्या (साधारण राज्याएवढ्या भागाच्या) पातळीवर न्यायची शिफारस केली. अमेरिकेतही दुखणं हेच होतं. प्रत्येक नव्या कंपनीला दहा हजारांचा गठ्ठा द्यायचे, तिला ग्राहक मिळोत न मिळोत. पुढे हजारा-हजाराने द्यायला लागले.

कोणी म्हणेल, ट्राय लोकांची मतं मागवतंच की. मागवतं, आणि आलेली मतं वेबसाइटवर टाकतं, हे चांगलंच आहे. पण तसा कागद काही वर्षांतून एकदा निघतो. जून २०२४मध्ये निघाला तेव्हा ‘दोन सिम ठेवले तर पैसे पडणार’ अशी आवई उठली आणि ट्रायला खुलासा करत बसावं लागलं. वर्षभर बसणारी, इतिवृत्त जाहीर करणारी समिती असती तर आवई उठायला जागा राहिली नसती. तटस्थ संस्थेची कल्पनाही आपल्याला नवी नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचं काम २०११पासून देशभर वेगळ्या परवानाधारक संस्था करतात, मोबाइल कंपन्या नव्हे.

माझ्या मते आपल्या समितीत अमेरिकेत १९९५ साली नसलेली एक खुर्ची हवी, ती बँकांची. त्यांनी नंबरालाच खात्याची किल्ली केली आणि ती किल्ली कधी दुसऱ्याच्या खिशात जाते ते त्यांना वेळेवर कळत नाही. ग्राहकांचे प्रतिनिधी दोन-तीन तरी हवेत, आणि त्यांचा प्रवासखर्च सरकारने द्यायला हवा. इथून दिल्ली म्हणजे गाडीत एक रात्र जाते. पदरमोड करून माणूस पहिल्या बैठकीला जाईल, दुसऱ्याला जाईल, तिसऱ्यापासून खुर्ची रिकामी. मग उरतात कंपन्यांचे पगारी अधिकारी आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असं लिहिलं जातं. आणि समितीसमोरचा पहिला विषय हाच असावा, की सुटलेला नंबर पुन्हा किती दिवसांनी द्यायचा. सध्या तो किमान ९० दिवस बाजूला ठेवतात. ट्रायने तसं सुप्रीम कोर्टातही सांगितलं होतं आणि नोव्हेंबर २०२३मध्ये कोर्टाने ते मान्य केलं. लँडलाइनच्या काळात ९० दिवस पुरले असते. आज बँक, आधार, गॅस, पोरांची शाळा सगळं एका नंबरावर आहे, मला तो काळ फार अपुरा वाटतो.

आता बहिणीचं. आलेला एकही ओटीपी कोणाला वाचून दाखवू नका, फोन करणारा स्वतःला जुना मालक म्हणत असला तरी. मेसेजमध्ये बँकेचं नाव असेल. त्या बँकेच्या जवळच्या शाखेत लेखी अर्ज द्या, की हा नंबर आता माझा आहे, आधीच्या खात्यावरून काढा. सोबत सिमच्या कागदाची झेरॉक्स जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. कायमच्या बंद झालेल्या नंबरांची यादी सरकार बँकांना उपलब्ध करून देतं, आणि ती वापरून आपल्या नोंदी साफ करा असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५मध्ये कळवलेलं आहे, तेही अर्जात लिहा. आणि तिचा स्वतःचा जुना नंबर बंद करायचा असेल तर आधी त्यावरची बँक आणि आधार बदलून घ्या. ते होईतोवर जुनं सिम चालू ठेवा.